नळीच्या आतला इतिहास

मराठवाड्यातील जुन्या वाड्यांत भिंतीवर टांगलेल्या बंदुकीला घरची माणसे सरसकट 'ठासणीची बंदूक' म्हणतात. नाव चुकीचे नाही. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासावी लागे. परंतु या घराण्यातही कुळी आहेत. तोड्याच्या बंदुकीत पेटती वात दारूला लागे, चकमकीच्या बंदुकीत गारेची ठिणगी पडे आणि टोपीच्या बंदुकीत तांब्याच्या इवल्या टोपीवर घोडा आदळून बार उडे. या शेवटच्या कुळीतील अमेरिकन लष्करी रायफली जमविणारे संग्राहक आज अनेक देशांत आहेत. हा छंद आपल्यापासून फार दूरचा वाटेल. पण तिच्या कथेचा एक धागा हिंगोलीच्या छावणीपर्यंत येतो, तो वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते.

या कथेचा आरंभ एका धर्मगुरूपासून होतो, हे आम्ही काहीशा संकोचानेच नमूद करतो. स्कॉटलंडमधील बेलहेल्वी येथील प्रेस्बिटेरियन पाळक अलेक्झांडर जॉन फॉर्सिथ यांना पक्ष्यांच्या शिकारीची आवड होती. चकमकीची ठिणगी पाहून पक्षी उडून जात. म्हणून आघाताने पेटणाऱ्या रसायनाचा उपयोग त्यांनी शोधला व १८०७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे टोपी आली, आणि पाखरांसाठी निघालेली युक्ती माणसांच्या रणांगणावर पोहोचली.

अमेरिकेने १८४१ साली टोपीची पहिली लष्करी रायफल स्वीकारली. १८४७ मध्ये मेक्सिकोच्या युद्धात जेफरसन डेव्हिस यांच्या मिसिसिपी पलटणीने ती गाजविली, म्हणून संग्राहक तिला 'मिसिसिपी' म्हणतात. त्यानंतरची १८६१ ची स्प्रिंगफील्ड ही यादवी युद्धाची प्रमुख बंदूक. तिची नळी ०.५८ इंचाची, तर इंग्लंडच्या १८५३ च्या एन्फील्डची ०.५७७ इंचाची, त्यामुळे एन्फील्डची गोळी स्प्रिंगफील्डमध्येही चाले. उत्तर आणि दक्षिण दोन्ही पक्षांनी लाखो एन्फील्ड विकत घेतल्या.

याच १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, ते हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी. त्या फौजेचे एक ठाणे हिंगोली. १९९९ पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. पुढे १८६१ मध्ये अमेरिकेत युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. गुलामांच्या घामाचा कापूस थांबला म्हणून आपल्या शेतकऱ्याला मिळालेले ते क्षणिक वैभव होते.

याच एन्फील्डच्या काडतुसाला गाईची व डुकराची चरबी लावल्याच्या समजुतीने १८५७ मध्ये बंगालच्या पलटणींत आग भडकली. हिंगोलीची फौज ज्या कंटिंजंटचा भाग होती, ते दल मात्र इंग्रजांच्याच बाजूने मध्य हिंदुस्थानात लढले. उठाव शमल्यावर सरकारने हिंदी शिपायांसाठी एक नवी बंदूक काढली. बाहेरून ती हुबेहूब एन्फील्ड. पण नळीतील पेचदार खाचा नाहीत, आत सारे गुळगुळीत. खाचांमुळे गोळी फिरत, सरळ व दूर जाते. त्या काढल्या की पल्ला आणि नेम दोन्ही घटतात. गोऱ्या शिपायाच्या हाती रायफल आणि त्याच्या शेजारी उभ्या हिंदी शिपायाच्या हाती तिची केवळ प्रतिकृती! निष्ठा हवी, पण विश्वास नको, हे धोरण त्या लोखंडात कोरलेले आहे. कोरलेले म्हणण्यापेक्षा, पुसलेले आहे.

आता उलट चित्र पाहावे. अमेरिकेत १८६३ च्या मुक्तिघोषणेनंतर सुमारे एक लाख ऐंशी हजार कृष्णवर्णीय सैन्यात दाखल झाले. त्यांतील बहुसंख्य कालपर्यंत गुलाम होते. त्यांना वेतन कमी मिळाले, अवहेलनाही सोसावी लागली. तरी त्यांच्या अनेक पलटणींच्या हाती खाचांची स्प्रिंगफील्ड वा एन्फील्ड होती. त्याच दशकात एका देशात गुलामाच्या हाती रायफल येत होती आणि दुसऱ्या देशात शिपायाच्या हातातून ती काढून घेतली जात होती.

म्हणूनच जाणता संग्राहक दस्त्यावरच्या पितळी नक्षीला भुलत नाही. स्प्रिंगफील्डच्या पट्टीवर गरुड व साल असते, एन्फील्डवर राजमुकुट असतो. हे सारे तो पाहतो आणि शेवटी नळीचे अंतरंग पाहतो. गंज घासून तो ती चकचकीत करीत नाही, कारण घासताना ठसेही जातात. वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी बंदूक असेल, तर तिच्या तोंडाशी डोळा नेऊ नये. शंभर वर्षांपूर्वीचा बार आत अजून असू शकतो. ती प्रथम जाणकाराला दाखवावी. १९५९ च्या शस्त्र कायद्यातून सुटते ती दुरुस्तीनेही न चालणारी बंदूकच. चालू शकणारीला परवाना लागतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगीरीत्या परदेशी पाठविण्यास १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे.

भंगाराच्या भावाने ती विकण्यापूर्वी मात्र क्षणभर थांबावे. आपल्या पूर्वजांवर राज्यकर्त्यांचा किती विश्वास होता, याचा दाखला कागदोपत्री सापडेलच असे नाही. त्या नळीत तो कदाचित अजून असेल.