कथेचे सातत्य आणि पर्यायी विश्व

दीर्घकाळ चालणाऱ्या कथामालिकेला एक दुखणे सहसा चुकत नाही. नायक एक, लेखक अनेक आणि वाचकांच्या पिढ्या त्याहूनही अधिक अशी स्थिती आली की, पूर्वी सांगितलेले आणि आज सांगितले जाणारे यांचा मेळ बसेनासा होतो. मालिका मोडणे प्रकाशकाला परवडत नाही आणि जुने खोटे ठरविणे वाचकाला रुचत नाही. पाश्चात्त्य विज्ञानकथेने या पेचातून काढलेली वाट म्हणजे पर्यायी विश्वाची कल्पना. अमेरिकन चित्रकथांतील ‘फ्लॅश’ हा नायक १९४० मध्ये जन्मला आणि १९५६ मध्ये त्याच नावाचा पण निराळाच नायक निर्माण करण्यात आला. या दोघांची संगती लावण्यासाठी १९६१ मध्ये त्यांना दोन वेगवेगळ्या पृथ्वींवर बसवून त्यांची भेट घडवून आणण्यात आली. पुढे अशा पृथ्वींची संख्या इतकी फुगली की, १९८५-८६ मध्ये त्याच प्रकाशनसंस्थेला त्यांचा संहार करून एकच पृथ्वी शिल्लक ठेवणारी कथा बारा अंकांतून प्रसिद्ध करावी लागली. १९६६ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी-मालिकेने १९६७ मध्येच आपल्या पात्रांची दुष्ट प्रतिरूपे असलेले जग दाखविले होते. २००९ च्या चित्रपटात तर तिने कालप्रवाहाला नवा फाटा फोडून, जुन्या कथेला धक्का न लावता, तीच पात्रे पुन्हा तरुण करून घेतली.

ह्यू एव्हरेट या भौतिकशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये पुंजयामिकीचा जो अर्थ लावला, त्यानुसार प्रत्येक शक्यता कोणत्या ना कोणत्या शाखेत प्रत्यक्षात उतरते. या उपपत्तीने कथाकारांच्या युक्तीला शास्त्राची प्रतिष्ठा दिली. तथापि या मालिकांतील पर्यायी विश्व हे बहुतांशी हिशेबाची सोय म्हणूनच येते, हे नाकारता येत नाही. जमेच्या बाजूला न बसणारी रक्कम दुसऱ्या वहीत नेऊन टाकावी, तसा हा प्रकार आहे. मेलेला नायक दुसऱ्या विश्वात जिवंत असू शकतो हे ठाऊक झाल्यावर त्याच्या मरणाचे मोल राहत नाही, आणि मरणाला मोल नसेल तर त्याच्या जगण्यालाही फारसे उरत नाही.

मराठीत या प्रश्नाचे स्वरूप मुळातच निराळे आहे. आमची विज्ञानकथा वाढली ती नियतकालिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या आश्रयाने. अनेक हातांनी पिढ्यान् पिढ्या चालविलेली मालिका तिच्यात निर्माण झाली नाही. मालिका लिहिल्या त्या रहस्यकथाकारांनी आणि बालवाङ्मयकारांनी. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड हे नायक शेकडो पुस्तकांतून वावरले, पण त्यांच्या वयाचा हिशेब कोणी मागितला नाही. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे हाही पुस्तकामागून पुस्तके शाळकरीच राहिला. येथे सातत्याचा प्रश्न सुटला तो काळ मोजावयाचा नाही, या लेखक-वाचकांमधील मूक कराराने. २०१७ च्या ‘फास्टर फेणे’ या चित्रपटाने मात्र हा करार मोडला. त्यात फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण आहे आणि स्वतः भागवत हे त्याला भेटणारे एक पात्र आहेत. ज्या जगात भागवत फेणेला भेटतात ते जग पुस्तकांतील जग असू शकत नाही. नाव न घेता योजिलेले ते पर्यायी विश्वच होय.

परंतु केवळ छापील मालिकांचा विचार केला तर मराठीपुरता हा विषय येथेच संपेल, आणि तसे करणे चुकीचे ठरेल. अनेक हातांनी, पिढ्यान् पिढ्या, परस्परविरोधी तपशिलांसह सांगितली गेलेली आणि तरीही आपले सातत्य न गमावलेली एक कथा मराठीत आहे. ती पानिपतची. १४ जानेवारी १७६१ या दिवशी जे घडले ते बखरकारांनी सांगितले, शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने फारसीत सांगितले, नाटककारांनी सांगितले आणि विश्वास पाटलांनी १९८८ मध्ये कादंबरीरूपाने सांगितले. या कथेचे सातत्य कोणा प्रकाशकाने सांभाळलेले नाही. ते भाषेने सांभाळले आहे. ‘पानिपत होणे’, ‘विश्वास गेला पानिपतात’ हे प्रयोग ज्याने इतिहासाचे पानही उलटले नाही त्याच्याही तोंडी असतात.

या कथेने आपले पहिले पर्यायी विश्व विज्ञानकथेच्या कितीतरी आधी पाहिले होते, आणि तेही कागदावर नव्हे. सदाशिवरावभाऊंच्या अंताविषयी लोकांच्या मनात संशय राहिला होता. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी वैधव्य पत्करले नाही, असे परंपरा सांगते. या संशयाच्या फटीतून बुंदेलखंडाकडील एक कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणून पुढे आला. तो पकडला गेला, कैदेत राहिला आणि पुढे सुटून त्याने कोकणात मोठे बंड उभारले. अखेर १७७६ मध्ये पुणे दरबाराने त्याला देहान्त शासन केले. न. चिं. केळकरांनी या घटनेवर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक रचले. तोतया लबाड होता, परंतु त्याच्यामागे गेलेले हजारो लोक सगळेच लबाड नव्हते. भाऊ परत आले आहेत असे जग त्यांना हवे होते. पर्यायी विश्वाची भूक करमणुकीतून नव्हे तर शोकातून उत्पन्न होते, हे या प्रकरणाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

दोन शतकांनंतर हीच भूक एका शास्त्रज्ञाने कथेत बांधली. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली आणि तेथून त्यांचे मराठी कथालेखन सुरू झाले. ‘यक्षांची देणगी’ (१९७९) या संग्रहातील ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या त्यांच्या कथेचे इंग्रजी रूप राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाल्याने अन्य भाषिकांनाही ती परिचित आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातात सापडतात आणि भानावर येतात ते निराळ्याच जगात. तेथे मराठी सत्ता टिकून कालांतराने लोकशाहीत परिणत झाली आहे आणि इंग्रजांजवळ मुंबईसारखी ठाणी तेवढी उरली आहेत. हे घडले कसे याचा शोध घेण्यासाठी पंत ग्रंथालयात जातात. पानिपतावर विश्वासरावांना लागावयाची गोळी चाटून गेली, एवढाच फरक त्यांना बखरीत सापडतो. तेवढ्यावरून सारा इतिहास फिरला.

या कथेचे मोठेपण तिच्यातील पुंजवादाच्या विवरणात आहे, असे मला वाटत नाही. ते पुराव्याविषयीच्या तिच्या निष्ठेत आहे. गंगाधरपंत दुसऱ्या जगात पोचल्यावर तलवार उपसत नाहीत, ग्रंथ मागवितात. परत येताना त्यांच्या खिशात असते ते बखरीचे एक फाटके पान, आणि आमच्या जगातील बखरीशी ते ताडून पाहिल्यावाचून त्यांचा मित्र त्यांच्यावर विश्वास ठेवीत नाही. तोतयाने देह पुढे केला होता, पंत कागद पुढे करतात. एकाला दरबाराने पारखले, दुसऱ्याला शास्त्राने. शिवाय ही कथा मूळ दुःख पुसून टाकीत नाही. पंतांना परत यावे लागते आणि आमच्या जगात विश्वासराव पडलेलेच राहतात. पाश्चात्त्य मालिका पर्यायी विश्व काढून मरण रद्द करतात. नारळीकरांनी ते काढून मरणाचे वजन किती होते हे दाखविले.

असे असूनही जबलपूरसारख्या ठिकाणी राहणाऱ्या मराठी वाचकाला या कथेपुढे एक प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. मराठ्यांचा या प्रदेशाशी संबंध आला तो सागरच्या खेर घराण्यामुळे. त्या घराण्याचे मूळ पुरुष गोविंद बल्लाळ, म्हणजेच गोविंदपंत बुंदेले, हे भाऊंना रसद आणि द्रव्य पुरविण्याच्या व अब्दालीची रसद तोडण्याच्या कामगिरीवर असताना डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले, आणि छावणीतील उपासमार अधिकच बिकट झाली. येथून पाहणाऱ्याला इतिहासाचा फाटा गोळीपाशी फुटत नाही, धान्याच्या पोत्यापाशी फुटतो. राजपुत्राच्या प्राणावर इतिहास तोलून धरणे ही बखरकाराची दृष्टी आहे, आणि नारळीकरांनी ती नकळत पत्करली आहे.

त्याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. याच सागरच्या मराठ्यांनी १७८१ मध्ये गढा-मंडल्याच्या शेवटच्या गोंड राजाला, नरहरशहाला, पदच्युत केले. १७९८ मध्ये हा प्रदेश नागपूरच्या भोसल्यांकडे गेला आणि डिसेंबर १८१७ मध्ये जबलपूर इंग्रजांच्या हाती पडले. ज्या घराण्याची राणी दुर्गावती १५६४ मध्ये याच परिसरात मोगलांशी लढता लढता पडली, त्याच्या कथेचे सातत्य मराठ्यांच्या हातून तुटले. मराठी वाचकाला ज्या जगात पानिपत जिंकले जावे असे वाटते, त्या जगात गढ्याचे राज्य कदाचित आणखी लवकर बुडाले असते. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसनंतर सुभाषचंद्र बोस यांनी अध्यक्षपद सोडले नसते तर, हा प्रश्न बंगाली मनाला जसा सलतो, तसा दुर्गावती जिंकली असती तर, हा प्रश्न येथील गोंडाला का सलू नये? प्रत्येक पर्यायी विश्व कोणाच्या तरी एकाच सातत्याला मुख्य धारा मानून रचलेले असते आणि इतरांची सातत्ये त्याच्या तळाशी गाडली जातात.

मराठी विज्ञानकथेने परदेशी मालिकांकडून पृथ्वींची संख्या वाढविण्याची कला घ्यावी, असे मला वाटत नाही. नारळीकरांनी घालून दिलेली शिस्त तिला पुरेशी आहे: फाटा एकच असावा, पुरावा हाती असावा आणि परत येणे चुकवू नये. तिच्यात भर घालावयाची ती एवढीच, की पुढच्या गंगाधरपंतांनी पुण्याच्या बखरीबरोबर गढ्याचीही बखर मागवावी. आमचा विजय तेथे कोणत्या शब्दांत लिहिला गेला असता हे वाचल्यावाचून, ते पर्यायी जग खरोखर हवे की नको, हे आम्हांला ठरविता येणार नाही.