कारागृह रक्षकांचे प्रशिक्षण : कवायतीच्या पुढे

केळशीसारख्या गावातून रत्नागिरीच्या विशेष कारागृहात आप्ताच्या भेटीस जाणाऱ्या माणसाला तुरुंग प्रशासनाचे पहिले दर्शन घडते ते दारावरील रक्षकाच्या रूपाने. झडती, मुलाखत, बराकीतील मोजणी, आजारी बंद्याची तक्रार वरपर्यंत पोचविणे, ही कामे त्याच्याच वाट्याला येतात. अधीक्षकांची फेरी ठरलेल्या वेळी होते. रक्षक मात्र पाळीभर बंद्यांमध्येच वावरत असतो.

महाराष्ट्रात कारागृह कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे प्रमुख केंद्र म्हणजे येरवडा येथील दौलतराव जाधव यांच्या नावाचे महाविद्यालय. दक्षिणेकडील राज्यांसाठी १९७९ मध्ये वेल्लूर येथे अशीच संस्था उभी राहिली. न्या. आनंद नारायण मुल्ला समितीने (१९८०-८३) प्रशिक्षित कर्मचारीवर्गावर भर दिला, तर संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या ‘नेल्सन मंडेला नियमां’नी सेवेपूर्वीच्या प्रशिक्षणाबरोबरच सेवाकाळातील प्रशिक्षणही आवश्यक मानले.

कवायत, शस्त्र आणि नियमावली यांविना तुरुंग चालत नाही, हे खरेच. परंतु रक्षकाचा बराचसा वेळ जातो तो बोलण्यात. २०२२ अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातील दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा शाबीत झालेला नाही असे. पहिल्या रात्री भेदरलेला बंदी, जामीन नाकारला गेल्याने गप्प झालेला बंदी, व्यसन सुटताना थरथरणारा बंदी यांना ओळखणे हे परेडच्या मैदानावर शिकता येत नाही. तेथे अनुभवी हवालदार आणि मानसोपचारतज्ज्ञ एकत्र बसवावे लागतात.

जून २०१७ मध्ये भायखळा महिला कारागृहात एका शिक्षाबंदी महिलेचा मृत्यू झाला आणि मारहाणीच्या आरोपावरून सहा महिला कर्मचाऱ्यांना अटक झाली. अंडी-पावाच्या हिशेबावरून वाद सुरू झाल्याचे तक्रारीत म्हटले होते. अभ्यासक्रम आखणाऱ्याने असेच प्रसंग वर्गात आणावेत : वाद कोठे थांबवता आला असता, वरिष्ठांना केव्हा कळवायला हवे होते, डॉक्टर कधी बोलवायचा? नुसत्या मानवी हक्कांच्या व्याख्यानापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. परीक्षाही लेखी नको. सहा महिन्यांनी त्याच बराकीतील तक्रारी व दुखापतींची नोंदवही पाहावी.

नॉर्वेत कारागृह अधिकाऱ्याला दोन वर्षांचे सवेतन शिक्षण मिळते. तितका अवधी येथे मिळणे अवघडच. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीने सहा बंद्यांमागे एक रक्षक असे प्रमाण सुचविले. जेथे पदे रिक्त आणि बराकी भरलेल्या, तेथे रक्षकाला वर्गासाठी मोकळे करणार कोण? त्यामुळे पाळी बदलताना अर्ध्या तासाचे छोटे पाठ कारागृहातच घेणे व्यवहार्य ठरावे. अर्थात तो अर्धा तास रक्षकाच्या विश्रांतीतून कापला जाता कामा नये.

औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभारली. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटामागची प्रेरणा हीच. तेथे भिंत नव्हती. बंदोबस्ताचा भार होता तो बंद्यांना नावानिशी ओळखणाऱ्या माणसांवर.