पेंढ्यापेक्षा चिठ्ठी मोठी

भिवंडी म्हटलं की मुंबईच्या मित्रांना तीनच गोष्टी आठवतात. यंत्रमाग, खड्डे आणि गोदामं. त्यातल्या गोदामांपासून आज सुरुवात करू (खड्ड्यांवर पुन्हा कधीतरी, विषय खोल आहे). मानकोली, राहनाळ, काल्हेर, पूर्णा... तुम्ही घरबसल्या मागवलेला मिक्सर यातल्याच एखाद्या गावातून निघालेला असू शकतो. तिथे काम करणाऱ्या कुणालाही विचारा, माल महत्त्वाचा खराच, पण त्यावरचं लेबल त्याहून महत्त्वाचं. लेबल फाटलं की आत सोनं का असेना, खोकं कोपऱ्यात पडून राहतं. चुकीचं लेबल लागलं तर आणखी वाईट, कारण मग लोक भलत्याच गावी ते शोधत बसतात.

आता हेच डोक्यात ठेवून माझ्याबरोबर म्युझियममध्ये चला. भिवंडीहून रिक्षाने किंवा बसने कल्याण नाहीतर ठाणे, तिथून लोकलने सीएसएमटी, आणि मग काळ्या घोड्यापर्यंत पायी. पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स, आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९०५ साली पायाभरणी झाली आणि १९२२ साली ते लोकांसाठी उघडलं. निसर्गाच्या दालनात काचेमागे रोहित पक्षी, धनेश, गवा, वाघ उभे आहेत, मागे रंगवलेलं जंगल. शाळेच्या सहली वाघापुढे दोन मिनिटं थांबतात आणि 'चला, पुढे चला' होतं. पेंढा भरलेले प्राणी काय बघायचे, असं बऱ्याच मोठ्यांनाही वाटतं.

तर मंडळी, या दालनामागची गोष्ट बघा. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये (म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात) आठ हौशी माणसं जमली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, आपली बीएनएचएस, सुरू झाली. आठांपैकी दोघे आपले. एक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर, प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक आणि व्याकरणकार दादोबांचे धाकटे भाऊ. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे आणि डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. शाळेच्या इतिहासात हे दोघे भेटलेच तर समाजसुधारणेच्या धड्यात भेटतात, निसर्गाच्या धड्यात नाही.

१८८४ पासून या मंडळींचा पसारा मांडला गेला तो फिप्सन नावाच्या एका दारूच्या व्यापाऱ्याच्या दुकानातल्या खोलीत. गॅरेजमध्ये सुरू झालेल्या कंपन्यांच्या कथा आपण किती चवीने ऐकतो! ही त्याच्या कितीतरी आधीची, फक्त गॅरेजऐवजी दारूचं दुकान :) प्रिन्स ऑफ वेल्समधला निसर्गविभाग पुढे याच सोसायटीने उभा केला आणि १९२६ साली तिथे माहिती सांगायच्या नोकरीवर एक तरुण लागला, त्याचं नाव सलीम अली.

पण खरा खजिना काचेमागे नाहीच. तो शेजारच्या हॉर्नबिल हाउसमध्ये, सोसायटीच्या कपाटांत आणि खणांत आहे. लाखाहून अधिक नमुने आहेत. पक्षी ओळीने निजवलेले आणि प्रत्येकाच्या पायाला दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी. त्यावर नाव, ठिकाण, तारीख आणि तो कुणी गोळा केला ते. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर पक्षी हा विदा आणि चिठ्ठी हा मेटाडेटा. चिठ्ठी गेली की उरतो तो नुसता पेंढा. हे फार कारकुनी वाटत असेल तर पुढची हकीकत वाचाच.

रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड आहे. १८७२ साली ते पहिल्यांदा आजच्या छत्तीसगडमध्ये मिळालं. नंतर खानदेशात सरकारी नोकरीत असलेल्या जेम्स डेव्हिडसनने शहाद्याच्या आसपास त्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र पत्ता नाही. सगळ्या जगातल्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात नमुने, आणि त्यातला एक वेगळाच. रिचर्ड माइनर्त्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या नावाचा, चिठ्ठीवर '१९१४, मांडवी, गुजरात'. म्हणजे पक्षी विसाव्या शतकातही होता आणि गुजरातमध्ये होता, असा अर्थ निघाला. शोध घेतले गेले, हाती काही लागलं नाही.

पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ बाईंनी तो नमुना बारकाईने तपासला. आतली भरण्याची पद्धत डेव्हिडसनची निघाली! साहेबांनी लंडनच्या संग्रहालयातून डेव्हिडसनचाच पक्षी ढापला होता, तो पुन्हा नव्याने भरला होता आणि खोटी चिठ्ठी लावून आपल्या नावावर खपवला होता. (असे पक्षी एकदोन नव्हते, त्यांचा सगळाच संग्रह संशयाखाली आला.)

आता आपण काय करतो? खोटी नोंद काढतो आणि क्वेरी पुन्हा चालवतो. बाईंनीही तेच केलं. खोटी चिठ्ठी बाद, फक्त खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं घ्यायची. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये त्या दोन सहकाऱ्यांसोबत आधी छत्तीसगडच्या बाजूला फिरल्या, तिथे काही मिळालं नाही. मग शहादा. २५ नोव्हेंबरला सकाळी एका उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला होता. ११३ वर्षांनी. डेव्हिडसनने चिठ्ठीवर गावाचं नाव प्रामाणिकपणे लिहिलं होतं, एवढ्या भांडवलावर!

यात भिवंडी कुठे आली? ऐका. २०१४ साली हाच रानपिंगळा तानसा अभयारण्यात दिसला. तानसा म्हणजे आमच्या शेजारचं शहापूर-वाड्याकडचं जंगल. १८९२ पासून मुंबई तिथल्या धरणाचं पाणी पिते आणि मुंबईला जाणारे भलेमोठे पाइप आमच्याच तालुक्यातून जातात. आम्ही वर्षानुवर्षं त्या पाइपांच्या बाजूने ये-जा करतो. जो पक्षी जगाने नाहीसा झाला म्हणून सोडून दिला होता, तो त्या पाइपांच्या वरच्या टोकाला राहत होता आणि त्याच्या नावाने तिथली एकही चिठ्ठी नव्हती.

मला खुपतं ते हेच. खाडीकाठची भातशेतं भरली, गोदामं उभी राहिली. गोदामातल्या प्रत्येक खोक्याला बारकोड आहे. पण त्या जागी आधी कोणते बगळे उतरत होते, कोणते बेडूक पावसाळ्यात ओरडत होते, याच्या चिठ्ठ्या कुणी बांधल्या? नोंदच नसेल तर उद्या 'इथे काही नव्हतंच' म्हणायला सगळे मोकळे.

आता पक्षी मारून पेंढा भरायची गरज नाही. फोनमधला फोटो तारीख आणि ठिकाण आपोआप टिपतो. फक्त तो व्हॉट्सॅपच्या गर्दीत टाकून मोकळं होऊ नका. ई-बर्ड, आय-नॅचरलिस्ट अशा सार्वजनिक नोंदवहीत टाका. ओळखीची खात्री नसेल तर तसं लिहा, पण ठिकाण आणि तारीख खरी लिहा. आणि पुढच्या वीकान्ताला पोराबाळांना घेऊन म्युझियमला गेलात तर वाघ जरूर दाखवा, पण त्याच्याखालची पाटीही मोठ्याने वाचायला सांगा.