चांदीच्या गावातला हेन्री

आजचा एपिसोड गेम्सवर आहे, पण बॅटल रॉयलवर नाही. रँक, स्किन, हेडशॉट यातलं आज काहीच नाही. आज बोलायचंय ते गोष्ट सांगणाऱ्या गेम्सबद्दल. ज्या संपल्यावर आपण स्क्रीन बंद करतो आणि थोडा वेळ नुसतेच बसून राहतो, त्या गेम्सबद्दल.

सुरुवात एका सीनपासून करतो. 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' हा २०१८ सालचा गेम. त्यातला हिरो हेन्री, लोहाराचा पोरगा. गेममध्ये त्याच्या हाती एक पुस्तक येतं. मी मोठ्या उत्सुकतेनं उघडलं, तर सगळी अक्षरं उलटसुलट. मला वाटलं, गेममध्ये बग आहे. सॉफ्टवेअरवाला माणूस, पहिला संशय बगवरच. मग लक्षात आलं, की हेन्रीला वाचताच येत नाही. १४०३ सालचा गावाकडचा पोरगा, त्याला कुठून येणार? त्याला एका लेखनिकाकडे जाऊन शिकावं लागतं. मग हळूहळू अक्षरं जागेवर यायला लागतात.

तो सीन बघताना मी थेट हुपरीतल्या सायबर कॅफेत जाऊन पोचलो.

साल साधारण २००९. मी सातवीत, मराठी माध्यमात. तासाला वीस रुपये. गेमची सीडी कुठून आली हे कोणी विचारायचं नाही. कॉम्प्युटरवर तीनच गोष्टी चालायच्या: आयजीआय, व्हाइस सिटी आणि मॅफिया. पात्रं इंग्रजीत घडाघडा बोलायची आणि आम्हाला त्यातलं 'गो' आणि 'किल' सोडून काही कळायचं नाही. मग माझा चुलत भाऊ, आमचा दादा, मागे उभा राहून गोष्ट सांगायचा. "ह्यो टॅक्सीवाला हाय. ह्येच्या बहिणीला त्या टोपीवाल्यानं पळवलंय. म्हणून ह्यो सूड घ्यायला लागलाय." मी दोन वर्षं त्याच गोष्टीवर विश्वास ठेवून खेळलो.

मॅफिया ज्यांनी खेळलाय त्यांना त्यातली कार रेस आठवत असेल. गोष्टीच्या मध्येच येते आणि ती जिंकल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. आमच्या कॅफेत ती रेस कोणालाच जिंकता आली नाही. त्यामुळं आमच्या अख्ख्या पिढीची गोष्ट तिथंच अडकून पडली.

आता थोडं मागं जाऊ, म्हणजे इतिहासात.

संगणकावर खेळत खेळत गोष्ट उलगडायची, याची सुरुवात बहुतेक जण १९७६ च्या 'कलॉसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर'पासून मानतात. त्यात चित्र नव्हतंच. स्क्रीनवर फक्त वाक्यं यायची, आणि तुम्ही एकदोन शब्द टाइप करून सांगायचं, की इकडं जा, हे उचल. तो लिहिला विल क्राउदर नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरनं. या माणसाला गुहांमध्ये उतरायचा नाद होता. केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्हच्या परिसरात तो फिरला होता, तिथले नकाशे त्यानं केले होते. घटस्फोट झाल्यावर मुलींना खेळायला काहीतरी द्यावं, म्हणून त्यानं ती ओळखीची गुहा कोडमध्ये उतरवली. एवढं लक्षात ठेवा. या प्रकारातला पहिला गाजलेला गेम निघाला तो एका माणसाच्या पायाखालच्या जागेतून.

तिथून २००२ पर्यंत येऊ. मॅफिया. गोष्ट १९३० च्या दशकातल्या अमेरिकेतली, टॉमी अँजेलो हा टॅक्सी ड्रायव्हर गुन्हेगारांच्या टोळीत कसा ओढला जातो त्याची. पण हा गेम अमेरिकेत बनलाच नव्हता. तो बनला चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात. लेखक-दिग्दर्शक डॅनिएल वाव्रा. म्हणजे युरोपातल्या एका छोट्या देशातली पोरं बसून अमेरिकेची गोष्ट सांगत होती. हॉलिवूडच्या सिनेमांवर वाढलेली पोरं. आपल्यासारखीच.

इंजिनिअरिंगला गेल्यावर हॉस्टेलच्या लॅपटॉपवर मी ती रेस एकदाची जिंकली आणि गोष्ट शेवटपर्यंत बघितली. कुठली बहीण नि कुठला सूड! टॉमी टोळीत जातो, माणसं मारतो, मग एक दिवस त्याला ते सहन होत नाही आणि तो पोलिसांना सगळं सांगतो. कित्येक वर्षांनी, म्हातारा टॉमी घरासमोरच्या हिरवळीला पाणी घालत असताना, दोन अनोळखी माणसं येतात आणि त्याला गोळी घालतात. संपलं.

पुढं २०१० चा मॅफिया २ लावला. त्यात तुम्ही व्हिटो म्हणून खेळता. मित्राला घेऊन एका माणसाला संपवायला निघायचं, एवढंच काम. मी गाडी चालवत गेलो, थांबलो, उतरलो. समोर एक म्हातारा हिरवळीला पाणी घालत होता.

माझ्या अंगावर काटा आला. आधीच्या गेममधले ते दोन अनोळखी लोक म्हणजे आम्ही होतो. गोळी मी नव्हती झाडली, पण गाडी चालवत तिथवर मीच आलो होतो. हे सिनेमा करू शकत नाही. सिनेमात आपण म्हणतो, "त्यानं मारलं." इथं तसं म्हणताना जीभ अडखळते. माझ्या मते स्टोरी गेमची खरी ताकद हीच आहे. ग्राफिक्स नंतर. 'द लास्ट ऑफ अस'चा शेवट आठवा. हॉस्पिटलमध्ये जोएलच्या हातून जे होतं ते तुम्हाला पटो न पटो, बटण तुम्हालाच दाबावं लागतं. नाही दाबलं तर गोष्ट पुढं सरकत नाही.

आता येऊ चांदीवर. हुपरीचा पोरगा आहे, चांदी आल्याशिवाय एपिसोड कसा संपेल?

याच वाव्रानं २०११ मध्ये वॉरहॉर्स नावाचा स्टुडिओ काढायला हातभार लावला. यावेळी त्यांना स्वतःच्या देशाची गोष्ट सांगायची होती. ड्रॅगन नाही, जादू नाही, फक्त १४०३ सालचा बोहेमिया. अशा गेमवर पैसे लावायला प्रकाशक तयार होईनात. तेव्हा त्यांनी २०१४ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडे ३ लाख पौंड मागितले. लोकांनी ११ लाखांच्या वर दिले.

हेन्रीचं गाव स्कालित्झ. खरं गाव आहे ते, आजही आहे. त्याच्या चेक नावाचा अर्थच 'चांदीचं स्कालित्झ'. गेममध्ये तिथं चांदीच्या खाणी आहेत. हेन्री सकाळी उठतो, आईशी बोलतो, बाप त्याला कोळसा नि बिअर आणायला पाठवतो. साधी, घरगुती कामं. आणि मग सिगिसमुंड राजाचं सैन्य येतं आणि गाव जाळून टाकतं.

पुढं गोष्टीत खोटी नाणी येतात. आत तांबं आणि वरून चांदीचा मुलामा. बोहेमियात १३०० पासून चांदीचं ग्रोशेन नावाचं नाणं पाडलं जायचं, त्याची ही नक्कल. हेन्री शोधत फिरतो, की हे बनवतंय कोण. मी हे मध्यरात्री खेळत होतो आणि मला हसू आलं. अरे, हा तर टंचाचा प्रश्न आहे!

हुपरीबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो. टंच म्हणजे चांदीची शुद्धता, शंभरात किती चांदी आणि किती भेसळ ते. आमच्या गावात पैंजण, साखळ्या, जोडव्यांचं काम घराघरात चालतं. लहान पोरालासुद्धा टंच हा शब्द कळतो. माझे आजोबा म्हणायचे, "चमक बघून चांदी घेणारा एकदाच घेतो." हेन्रीला ते माहीत नव्हतं, मला होतं. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गेममधलं काहीतरी मला घरून माहीत होतं. तोपर्यंतच्या सगळ्या गेम्समध्ये मी पाहुणा होतो.

दुसरा भाग फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. तो घडतो कुटेनबर्गच्या आसपास, म्हणजे आजचं कुटना होरा. चांदीच्या खाणी आणि टांकसाळीचं शहर. पहिल्याच दिवसात १० लाख प्रती खपल्या. आणि त्यात पूर्ण चेक भाषेतले संवाद आहेत. चेक प्रजासत्ताकाची लोकसंख्या १ कोटीच्या थोडी वर. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख.

हे दोन आकडे शेजारी ठेवले, की मला त्रास होतो. ते लोक भारी आणि आपण मागास, असं मला म्हणायचं नाही. लक्षात घ्या, त्यांनीही सुरुवात अमेरिकेची गोष्ट सांगूनच केली. मॅफिया ते किंगडम कम, सोळा वर्षं लागली घरी यायला.

आपल्याकडे हा प्रवास सुरू झालाय. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' आणला. रक्षाबंधनाच्या दिवशी असुर भावाला पळवून नेतात, आणि सर्कशीतली राजी दुर्गेचं त्रिशूळ घेऊन त्याला शोधायला निघते. त्यांनीही किकस्टार्टर केलं होतं, २०१७ मध्ये. ते फसलं. तरी त्यांनी गेम पूर्ण केला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी नामांकन मिळवलं. माझी एक तक्रार आहे: शेवट घाईत, अर्धवट तोडल्यासारखा वाटतो. पण मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांसारखे सांगितलेत, ते मला फार आवडले. कारण ही आपलीही परंपरा आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजातले कलाकार चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथीतून रामायण-महाभारत सांगत आलेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पडद्यामागं दिवा, पुढं सावली, सोबत आवाज. कटसीन म्हणजे वेगळं काय असतं?

मग मराठीत मला कुठला गेम हवाय? बहुतेक जण लगेच म्हणतील, महाराजांवर. मी वेगळं म्हणतो. मला शिवा काशिद म्हणून खेळायचंय.

जुलै १६६०. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा. भर पावसात महाराज विशाळगडाकडे निघतात आणि शत्रूला चकवायला दुसरी पालखी जाते. तिच्यात महाराजांसारखा पोशाख केलेला शिवा काशिद, गडाजवळच्या नेबापूरचा नाभिक. पकडला गेल्यावर काय होणार, हे त्याला माहीत होतं. पुढं घोडखिंडीत बाजीप्रभूंनी काय केलं ते आपण सगळे जाणतो, पण त्याआधी ही पालखी निघाली होती.

विचार करा, तुम्ही त्या पालखीत बसलाय. तलवार चालवायची नाही, पळायचं नाही. फक्त जितका वेळ काढता येईल तितका काढायचा. ओळख उघडी पडायला जितका उशीर, तितके महाराज पुढं. आणि शेवटी पडदा बाजूला होणारच. हेन्री लोहाराचा पोरगा आहे म्हणून त्याची गोष्ट मला भिडली. राजाच्या नजरेनं इतिहास आपण खूप वाचलाय. साध्या माणसाच्या अंगात शिरून तो जगायचा, तर गेमसारखं साधन नाही.

मागच्या दिवाळीत गावी गेलो, तेव्हा दादाला ही कल्पना सांगितली. आता तो चांदीचं काम बघतो, गेम सुटून जमाना झाला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यातली माणसं मराठीत बोलणार काय?"

म्हटलं, "व्हय."

"मग मागं उभा राहून सांगायला माझी गरज न्हाई," म्हणाला, आणि हसला.

तुमच्या गावातली कुठली गोष्ट तुम्हाला खेळायला आवडेल, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.