पदवीस्तरीय लोकगीत-प्रकल्प आणि खानदेशातील नोंदीची परंपरा : एक ऐतिहासिक आढावा

उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे झाली आणि २०१८ मध्ये त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. खानदेशात पदवीचा विद्यार्थी लोकसंगीतावर प्रकल्प करावयास निघतो, तेव्हा त्याच्यापुढे उभा राहणारा प्रश्न या नावातच आहे. बहिणाबाई (१८८०-१९५१) निरक्षर होत्या. पुत्र सोपानदेव आणि आप्तांनी लिहून घेतली म्हणूनच त्यांची गाणी उरली, व १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. छापील संग्रहात शब्द आहेत; चाली नाहीत.

शब्दांना चालीहून अधिक मान देणारी ही दृष्टी या भूमीत जुनीच आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ मध्ये निघाला. त्यात खानदेशी बोलीची नोंद आहे, परंतु या सर्वेक्षणाचा ठरावीक नमुना म्हणजे बायबलमधील उधळ्या पुत्राच्या कथेचे भाषांतर. व्याकरणाच्या तुलनेस ते सोयीचे होते. आखाजीच्या झोक्यावर लेकी काय गातात, हे त्यातून कळावयाचे नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले आणि पुढील वर्षी त्यांच्या नावे तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. गावोगाव फिरून दप्तरे मिळविण्याची राजवाड्यांची चिकाटी खानदेशातील प्रत्येक संशोधकास आदर्शवत् वाटत आली आहे. मात्र तो आदर्श कागदाचा होता. ज्या घरात कागद नव्हता, त्या घराचा इतिहास त्यात सहजी येत नाही.

साने गुरुजींचे कार्य या दृष्टीने अधिक जवळचे ठरते. १९२४ पासून ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तेथील वसतिगृहातील मुलांसाठी ते 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक काढीत. १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिक सुरू झाले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर जी अठरा प्रवचने दिली, ती गुरुजींनीच टिपून घेतली. ऐकलेले कागदावर उतरविण्याची ही सवय पुढे 'स्त्रीजीवन' या ओव्यांच्या द्विखंडात्मक संग्रहात फळास आली. संग्राहक विद्वत्तेचा आव आणीत नाही, आणि त्यामुळेच तो पदवीच्या विद्यार्थ्यास वाट दाखवू शकतो. तरीही येथेही ओवीचा विषय नोंदला गेला, गळा नोंदला गेला नाही.

२००६ पासून कुलपती कार्यालयाच्या पुढाकाराने राज्यातील विद्यापीठांसाठी 'आविष्कार' ही संशोधन-स्पर्धा सुरू झाली. मानव्यविद्या, भाषा व ललित कला असा एक स्वतंत्र गट तीत आहे आणि पदवीच्या विद्यार्थ्यांस त्यात स्थान आहे. ही गोष्ट लहान नव्हे. तोवर संशोधन म्हणजे पदव्युत्तर काम असाच समज होता. पण येथील सादरीकरण भित्तिपत्रकाने सुरू होते. कानबाईचे गाणे भित्तिपत्रकावर आले की मुके होते. परीक्षकांसमोर उरतात ते चार ओळींचा पाठ, वर्गीकरणाचा तक्ता आणि निष्कर्ष. स्पर्धेच्या सोयीने प्रकल्पाचा आकार ठरावा, हे संगीताच्या बाबतीत फार महाग पडते.

ते किती महाग, याचे उदाहरण बहिणाबाईंच्याच गाण्यांत मिळते. १९६१ च्या 'मानिनी' या चित्रपटात त्यांची काही गाणी आली व त्यांना वसंत पवार यांनी चाली दिल्या. चाली उत्तम होत्या, म्हणूनच त्या घरोघरी पोहोचल्या. आज एखाद्या विद्यार्थ्याने आसोदे परिसरातील आजीला बहिणाबाईंचे गाणे म्हणावयास सांगितले आणि तिने चित्रपटातली चाल गायिली, तर ती 'पारंपरिक चाल' म्हणून प्रकल्पात नोंदली जाण्याचा धोका उघड आहे. आजीचे चुकत नाही. गाणे कोणाकडून व केव्हा ऐकले, हा प्रश्न ज्याने विचारला नाही, त्याचे चुकते.

गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून उभारलेला जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह येथे मुद्दाम आठवावा. एक लाखाहून अधिक ओव्या त्यांत आहेत. गाणारीचे नाव व गाव प्रत्येकीसह जपले आहे, आणि १९९० च्या दशकात त्यांपैकी अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. त्या काळी यंत्र दुर्मीळ होते. आता ते प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर क्षेत्रप्रकल्पास श्रेयांकही मिळू लागले. तेव्हा मुद्रित ध्वनी, गाणारीची संमती, स्थळ व तिथी हे प्रकल्पाचे परिशिष्ट न मानता मुख्य अंग मानावे आणि त्याची प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दाखल व्हावी, अशी अपेक्षा अवाजवी नाही.

अडचण वेळेची आहे. कानबाईची स्थापना श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी होते. रात्रभर गाणी चालतात आणि सोमवारी विसर्जन होते. प्रकल्पाचे विषय तोवर निश्चित झाले नसतील, तर त्या गाण्यांसाठी पुढच्या श्रावणापर्यंत थांबावे लागते.