उत्तरायुष्यांतील प्रवास

बार्शीटाकळीच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहणारीं माणसें न्याहाळलीं म्हणजे एक गोष्ट सहज ध्यानांत येते. तरुण मनुष्य खांद्याला पिशवी अडकवून फलाटावर एकटा येरझारा घालीत असतो. साठी उलटलेला गृहस्थ मात्र मुलगा, सून किंवा नातू यांच्या मध्यें बसलेला असतो, आणि त्याचें तिकीट दुसऱ्या कोणाच्या तरी खिशांत असतें. माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक परवां म्हणाले, "एकट्यानें निघतों म्हटलें कीं घरचे घाबरतात, आणि खरें सांगायचें तर मीही घाबरतों." या गृहस्थांनीं तीस वर्षें मुलांना भूगोल शिकविला! मलाही निवृत्तीस थोडींच वर्षें उरलीं असल्यामुळें तें बोलणें मनाला लागून राहिलें.

ही भीति आजची नव्हे. तिला इतिहास आहे, आणि तो एके काळीं सकारणही होता. वऱ्हाडांतून जाणारी आगगाडी नागपुरास पोहोंचली ती १८६७ सालीं. मुंबई व कलकत्ता हीं शहरें जबलपुरावरून लोहमार्गानें जोडलीं गेलीं तीं १८७० सालीं. तत्पूर्वीं काशीची वाट म्हणजे पायपीट किंवा बैलगाडी, आणि तीही महिनोन्‌महिने. यात्रेकरू निघण्यापूर्वीं देणेंघेणें मिटवी, आणि सुखरूप परतला तर मावंदें घाली. परत येणें हाच एक उत्सव होता, यावरून जाणें किती बिकट असेल याची कल्पना करावी. उतारवयांतील प्रवास हा अशा रीतीनें निरोपाचा प्रवास ठरला.

विष्णुभट गोडसे यांची हकीकत या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे. कर्ज फेडण्यासाठीं द्रव्य मिळवावें या हेतूनें १८५७ सालीं ते चुलत्यांसह उत्तर हिंदुस्थानांत गेले आणि बंडाच्या वणव्यांत सांपडले. परततांना त्यांनीं आईबापांसाठीं गंगेची कावड आणली. वडील माणसांनीं घरीं राहावें आणि तरुणानें त्यांच्यासाठीं गंगा उचलून आणावी, ही त्या काळची वांटणी होती. तींत प्रेम होतें, कर्तव्य होतें. परंतु वृद्धांच्या वांट्यास मात्र वाट पाहणेंच आलें. १९०७ सालीं प्रसिद्ध झालेला 'माझा प्रवास' वाचतांना आपण कावड वाहणाऱ्याबरोबर चालतों. घरीं वाट पाहणाऱ्यांचा विचार सहसा मनांत येत नाहीं.

ही वांटणी ज्यांनीं आपल्या आचरणानें मोडली, त्यांत धोंडो केशव कर्वे यांचें नांव अग्रभागीं आहे. अण्णासाहेबांचा जन्म १८५८ चा. पोरवयांत परीक्षेसाठीं ते मुरुडाहून साताऱ्यास भर पावसांत, घाट ओलांडून, शंभरांहून अधिक मैल पायीं गेले. आणि तेथें वय लहान दिसतें म्हणून त्यांना परीक्षेस बसूंच दिलें नाहीं. पुढें १९१४ सालीं ते फर्ग्युसन कॉलेजांतून निवृत्त झाले. सामान्य प्राध्यापकाची कथा येथें संपली असती. अण्णांनीं १९१६ सालीं महिला विद्यापीठ काढलें, आणि १९२९ च्या मार्चांत, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, विलायतेस प्रयाण केलें. मालव्हर्न येथें शिक्षकांची परिषद, लंडनांत व्याख्यान, मग जिनीव्हा, मग डेन्मार्कांतील एल्सिनोर. तेथून पुढें अमेरिका व जपान. सुमारें तेरा महिन्यांनीं, १९३० च्या एप्रिलांत, ते परतले. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पुन्हां निघाले ते आफ्रिकेस: केनिया, युगांडा, टांगानिका, झांजीबार आणि थेट दक्षिण आफ्रिका. त्या दौऱ्यांत आणखी सुमारें पंधरा महिने गेले.

कोणी म्हणेल, ते असामान्य पुरुष होते. आमची त्यांच्याशीं बरोबरी कशी व्हावी? परंतु अण्णा स्वभावानें भिडस्त होते व वक्ते म्हणूनही त्यांची ख्याति नव्हती, ही गोष्ट विसरतां कामा नये. मग हा आत्मविश्वास आला कोठून? मला वाटतें, त्याचीं कारणें दोन. त्यांच्याजवळ सांगण्यासारखें एक काम होतें. त्यामुळें परक्या गांवींही कोणाशीं काय बोलावें हा प्रश्न त्यांना पडला नाहीं. आणि निघण्याची संवय त्यांनीं कधीं मोडूं दिली नाहीं. १९३६ सालीं, अठ्ठ्याहत्तरीच्या घरांत, खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांसाठीं वर्गणी गोळा करीत ते पायीं हिंडले. साताऱ्याच्या वाटेवर चाललेला मुलगाच जणूं पुन्हां चालूं लागला होता. मात्र आतां वयाचें कारण सांगून त्याला परत पाठविणारें कोणी नव्हतें.

आपल्यापैकीं पुष्कळांना निवृत्तीनंतर परत पाठविणारे आपण स्वतःच असतों. प्रकृतीची काळजी घ्यावी, औषधें बरोबर असावींत, घरच्यांस ठावठिकाणा कळवावा. हें सारें शहाणपणाचेंच आहे. परंतु काळजी आणि भय या दोन भिन्न वस्तु आहेत. काळजी पिशवी भरून देते. भय ती खुंटीला टांगून ठेवतें. घरांतील वृद्ध स्त्रियांच्या बाबतींत तर ही खुंटी जन्मभराचीच असते. ज्या बाईनें चाळीस वर्षें सगळ्यांच्या प्रवासाची शिदोरी बांधली, तिला स्वतःच्या मनानें कोठें जावेंसें वाटतें हें आपण कधीं विचारलें आहे काय?

त्या शिक्षकमित्रांना मीं एवढेंच सुचविलें कीं आरंभ जवळचा करावा. आपल्या स्टेशनावरून एकीकडे अकोला आहे, दुसरीकडे वाशीम. एखाद्या सकाळीं वाशीमास जावें, पद्मतीर्थ पाहावें, बालाजीचें दर्शन घ्यावें, आणि परतायचें कीं पुढें जायचें हें तेथेंच ठरवावें. ते हंसले, आणि थोड्या वेळानें म्हणाले, "तिकीट मात्र मी स्वतः काढीन." जगाचा प्रवास करणाऱ्यालाही पहिलें तिकीट असेंच कोठें तरी काढावें लागतें. त्यांच्यामागें रांगेंत उभें राहण्याचें मींही त्यांना वचन दिलें आहे.