आवाज एकाचा, चेहरा दुसऱ्याचा

दिवाळीच्या सुट्टीत नातू आला होता. दिवसभर कानाला ते हेडफोन आणि मान डोलावणे चालू. एकदा न राहवून मी म्हटले, "अरे, काय ऐकतोस एवढे?" तर म्हणाला, "आजी, तू इतिहास शिकवायचीस ना? मग हे बघ. हाही इतिहासच आहे." आणि त्याने मला संगणकासमोर बसवले.

गाण्याचे नाव 'द मेसेज', साल १९८२, गटाचे नाव ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह. माझे बी.ए. मराठी माध्यमातले, त्यामुळे त्या भरभर बोलण्यातले दोन-चार शब्दच कळले. मग नातवाने थांबवून थांबवून अर्थ सांगितला. फुटलेल्या काचा, घाण वास, उंदीर-झुरळे, थकलेले हप्ते, आणि शाळेतून सुटून थेट तुरुंगात गेलेला एक पोरगा. मी गप्पच झाले.

चित्रफीत अगदी साधी आहे. न्यूयॉर्कचे रस्ते, पडक्या इमारती आणि त्यात फिरणारे हे तरुण. शेवटी ते कोपऱ्यावर गप्पा मारत उभे असतात, पोलिसांची गाडी येते आणि काही चौकशी न करता त्यांना घेऊन जाते.

हे तरुण ब्राँक्सचे. न्यूयॉर्क शहराच्या या विभागाची १९७० च्या दशकात दैना झाली होती. त्याआधीच भरवस्तीतून मोठा महामार्ग काढल्याने हजारो कुटुंबे उठली होती. १९७५ मध्ये शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले, अग्निशमन केंद्रेसुद्धा बंद झाली, आणि दक्षिण ब्राँक्समध्ये इमारतींमागून इमारती जळत गेल्या. १९७० ते १९८० या दहा वर्षांत ब्राँक्सची लोकसंख्या सुमारे ३ लाखांनी घटली. त्याच मोडक्या वस्तीत, १९७३ च्या सुमारास, पोरांनी दोन तबकड्या आणि एक माइक घेऊन हा नवा प्रकार सुरू केला.

पण तोवरचा रॅप बहुतेक नाचगाण्याचा, फुशारकीचा होता. 'द मेसेज'चे बोल गटाला पहिल्यांदा नकोसेच वाटले. घरचे दुःख विसरायला लोक नाचायला येतात, तिथे तेच दुःख कोण ऐकणार, असे त्यांचे म्हणणे. शुगर हिल या रेकॉर्ड कंपनीच्या सिल्व्हिया रॉबिन्सन बाई मात्र हटून बसल्या. गाणे निघाले. अमेरिकेच्या मुख्य यादीत ते ६२ व्या क्रमांकाच्या वर गेले नाही. तरी २००२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहासाठी पहिली ५० मुद्रणे निवडली, तेव्हा रॅपमधून हे एकच त्यात होते.

खरी गंमत यापुढे आहे. हे बोल मुळात ब्राँक्समध्ये लिहिलेच गेले नव्हते. ते लिहिले शेजारच्या न्यू जर्सी राज्यातल्या एलिझाबेथ गावच्या एड फ्लेचर यांनी. टोपणनाव ड्यूक बूटी. ते कंपनीच्या वादकांपैकी एक, तालवाद्ये वाजवणारे, आणि महाविद्यालयात शिकलेले. गटातल्या मेली मेलने शेवटचे कडवे घातले, तेही त्याच्याच १९७९ च्या एका गाण्यातले. ज्याचे नाव पहिले, त्या फ्लॅशचा या मुद्रणात जवळजवळ काहीच वाटा नाही. आवाज आहेत ते मेली मेल आणि फ्लेचर या दोघांचे.

आणि चित्रफितीत? फ्लेचर यांच्या ओळींवर ओठ हलवतो तो गटातला राहीम नावाचा तरुण. लेबलवर फ्लेचर यांचे नाव होते, पण पडद्यावर चेहरा नाही.

आपल्याला पार्श्वगायनाची सवय आहे, त्यामुळे यात विशेष काय, असे कोणी म्हणेल. पण आपण नटीला गायिका समजत नाही. रॅपची गोष्ट वेगळी. तिथे बोलणारा 'हे माझे आहे' असे सांगत असतो. त्यामुळे ही चित्रफीत मला इतिहासाच्या शिक्षकाला हवे तसे साधन वाटली. त्यातले रस्ते खरे, दारिद्र्य खरे, पोलिसांची भीती खरी, आणि तोंड मात्र दुसऱ्याचे. साधन एकाच वेळी खरे आणि खोटे बोलू शकते, हे मी फळ्यावर लिहून शिकवले, पण असा नमुना कधी हाती लागला नव्हता.

फ्लेचर पुढे काय झाले, हे ऐकून मी चमकले. ते शिक्षक झाले! शाळेत शिकवले, नंतर जॉर्जिया राज्यातल्या सवाना स्टेट विद्यापीठात. जानेवारी २०२१ मध्ये वयाच्या ६९ व्या वर्षी ते गेले.

रात्री झोप येईना. एक जुनी गोष्ट वर आली. शाळेत मोठे पाहुणे यायचे होते. आठवीतल्या एका मुलाने सुरेख भाषण लिहिले होते. पण त्याचे उच्चार 'गावठी', सदरा उसवलेला. मी ते भाषण दुसऱ्या, चुणचुणीत मुलाकडून पाठ करवून घेतले. टाळ्या कडाडल्या. पाहुण्यांनी त्याची पाठ थोपटली. लिहिणारा मुलगा तिसऱ्या रांगेत बसून होता आणि त्याचे ओठ प्रत्येक वाक्याबरोबर हलत होते. ते मी पाहिले होते. तरी कार्यक्रम संपल्यावर त्याचे नाव घ्यायचे मला सुचले नाही.

नातवाला हे सांगितले. तो म्हणाला, "मग आता सांग ना त्याला." पण तो मुलगा आज कुठे असेल, कोण जाणे. आता पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ असेल. त्याला आठवतही नसेल, अशी मी समजूत घालते. पण मला आठवते, तर त्याला का आठवणार नाही?

असो. पुढच्या वेळी एखादे गाणे, भाषण, नाटक आवडले, तर हे मुळात कोणाचे, एवढे विचारा. मी आता विचारते. उशिरा का होईना.